बरणीतलं धुकं

सोमवारी इस्त्रीचं दुकान उघडायच्या आधी सोपान अभंगे बरणी पाव फेरा फिरवायचा. चार सोमवारी एक फेरा पुरा. नाही फिरवली तर झाडं खिडकीकडे वाकत, काचेला टेकत आणि सडत. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बायको, सारिका, फिरवायची, ते बघून त्याला ठाऊक झालं होतं. आता सारिकाला जाऊन चार वर्षं झाली होती. फिरवायचा कंटाळा येई, पण सोमवार चुकत नव्हता.

बरणी गोळ्याबिस्किटांच्या दुकानातली, पोटाला मोठी. तळाला बाणगंगेतले गोटे, त्यांवर कोळसा, कोळशावर जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर माती. मातीत मोरीमागच्या टाकीवरचं शेवाळ, एक नेचा आणि पांढऱ्या शिरांचं एक बुटकं झाड. झाकण घट्ट, कडेनं मेण. मुळं पाणी पीत, पानं ते सोडत, रात्रीच्या गारव्यानं ते काचेला धुकं होऊन बसे आणि दुपारपर्यंत थेंब होऊन मातीत उतरे. पुन्हा मुळं पीत. तेच पाणी, तीच हवा.

"हिला पाणी नको, फक्त लक्ष द्या," सारिका म्हणायची. दर सोमवारी फिरवायची, धुकं दुपारीही हटलं नाही तर जागा बदलायची, उन्हात ठेवायची नाही. एवढंच.

त्या सोमवारी तो बरणी फडक्यानं पुसत होता तेवढ्यात लेक ईश्वरी आली. एसटीचा खाकी शर्ट, पण पायात चपला. गाडी चालवायची असती तर बूट असते.

"आप्पा, पुण्याहून फोन होता. उद्या येतायत."

"कोण?"

"बरणीसाठी. त्या प्रयोगशाळेच्या बाई."

सोपाननं फडकं खांद्यावर टाकलं. "बरणी कुठं न्यायची नाही."

"न्यायची नाहीच. इथंच उघडणार."

सोपाननं दुकानाचं शटर वर केलं आणि इस्त्रीचं बटण दाबलं.

ईश्वरी सव्वीस वर्षांची. फलटण-दहिवडी विजेची बस चालवायची. एप्रिलमध्ये आगारात गाडीतून उतरताना ती चक्कर येऊन पडली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, ऊन होतं. दुसरं कुणी असतं तर लिंबूपाणी देऊन गाडीवर पाठवलं असतं. पण वैद्यकीय कागदावर लिहिलेलं होतं : आई सत्तेचाळिसाव्या वर्षी अचानक गेली, कारण अज्ञात. सारिका दुकानात चादर घडी करता करता खाली बसली ती उठलीच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कुणी रक्त घेतलं नाही, काही तपासलं नाही.

ईश्वरीचं रक्त मात्र तपासलं. हृदयाचे ठोके बिघडवणारे जेवढे दोष माहीत होते तेवढे शोधले. एकही नव्हता. तिनं पेढे आणायची तयारी केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, थांबा. कोरा कागद म्हणजे निर्धोक कागद नव्हे. आईत काय होतं हे कळलं आणि ते तुमच्यात नसलं, तर तुम्ही सुटलात. आईतलं कळलंच नाही, तर कदाचित तोच दोष तुमच्यातही असेल, आम्हांला ओळखू न येणारा. तेवढ्यावर पन्नास माणसांची गाडी हाती देता येत नाही. छातीत यंत्र बसवून घ्या आणि चौकशीच्या खिडकीत बसा.

यंत्र तिनं बसवलं नव्हतं, पण खिडकीत बसली होती. "दहिवडीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे," असं दिवसातून चार वेळा सांगायची. तिची गाडी दुसराच कुणी न्यायचा. आईचं कारण शोधायला तीन महिन्यांची मुदत होती, नाहीतर खिडकी कायमची. त्यातले दोन गेले होते.

आईचा डीएनए कुठून आणायचा? लोक फणी आणतात, टोपी आणतात, जुना स्वेटर आणतात. सोपानच्या घरात तसलं काही नव्हतं, आणि त्याला कारण तोच होता. सारिका गेल्यावर पंधरा दिवस त्याला काही सुचेना. मग त्यानं एका सकाळी तिचे सगळे कपडे काढले, भिजवले, धुतले, सुती साड्यांना खळ घातली, एकेकीला कडक इस्त्री केली आणि नात्यातल्या बायकांना वाटल्या. धोबीघाटावर वाढलेल्या माणसाला माया करायची दुसरी रीत ठाऊक नव्हती. फणी, ब्रश, चष्मा बहिणीनं नदीत सोडले. घरात सारिकाची म्हणून एक न धुतलेली वस्तू उरली होती, ती ही बरणी.

मंगळवारी नाझनीन मुलाणी आली. तिशीची, बारीक चणीची, पाठीवर मोठी पेटी. मिरजेची होती, त्यामुळं बोलायला संकोच नव्हता. चहा नको म्हणाली आणि दिल्यावर प्यायली.

"काल एका घरातून कवळी नेली काका. आजोबांची. आजी सोडेनात. म्हणे, हसायचे ते ह्यातनंच." तिनं बरणीकडं वाकून पाहिलं. "सुरेख ठेवलीय. ईश्वरीताई, फोनवर तुम्ही म्हणालात आईनं तोंडानं पाणी मारलं होतं. म्हणजे कसं?"

ईश्वरी हसली. "आमच्या आजोबांच्या वेळी पिचकारीच्या बाटल्या नव्हत्या. तोंडात पाणी घ्यायचं आणि कपड्यावर फुर्रकन फुंकायचं. दुकानात गिऱ्हाईकं नाकं मुरडायला लागली म्हणून आईनं सोडलं. पण बरणीला तिनं तसंच केलं."

"मी बाटली देत होतो," सोपान म्हणाला. "म्हणाली, बाटली थेंब टाकते, मी धुकं टाकते."

"बरं झालं तुमची बाटली घेतली नाही. आणि हा कोळसा?"

"वडिलांच्या इस्त्रीतला. कोळशाची इस्त्री होती, पितळेची."

नाझनीननं कप खाली ठेवला. "काका, नुसती माती असती तर मी आलेच नसते. मातीतले जंतू डीएनए महिन्याभरात खाऊन टाकतात. पण कोळसा म्हणजे नुसती भोकं. ह्या चहाच्या चमच्यात मावेल एवढ्या कोळशाची आतली भोकं उलगडून पसरली, तर तुमची अख्खी गल्ली झाकेल. तोंडातल्या पाण्यातल्या पेशी फुटल्या, त्यांतले धागे पाण्याबरोबर खाली गेले आणि ह्या भोकांत चिकटले. जंतूंची पाचकरसं आत पोचत नाहीत. धागे तुटतात, पण राहतात. आमचं यंत्र ते तुकडे सोडवून वाचतं आणि एकाला एक जोडतं. पाच वर्षांपूर्वी हे जमत नव्हतं."

"मग सारिका सगळी ह्यात आहे?" सोपाननं विचारलं.

"सगळी नको आहे काका. अर्धी हवीय." तिनं दोन्ही तळवे समोर धरले. "प्रत्येकाकडं सगळ्या गोष्टींच्या दोन प्रती असतात. आईनं ईश्वरीताईंना त्यांतली एकेक दिली. ती ह्यांच्याकडं आहे, आम्ही वाचली, तीत ओळखीचा दोष नाही. आईची दुसरी बाजू, जी ह्यांना आलीच नाही, ती जगात कुठंच नाही. असली तर ह्या कोळशात. तिच्यात ओळखीचा दोष सापडला, तर आईला काय झालं ते कळलं आणि ह्या सुटल्या. नाही सापडला, तर आहे तिथंच आपण."

"आणि ती बाजू आईचीच, हे कसं कळणार?" ईश्वरीनं विचारलं.

"बरणी बंद आहे ना? मग सोपं. आत माणसाचं जे काही सापडेल, त्यातलं जे तुमच्याशी जुळत नाही ते आईचं." तिनं फोनवर फॉर्म उघडला. "बरणी आईंनी बंद केल्यावर कुणी उघडली होती?"

"छे," ईश्वरी म्हणाली. "कुणी हात लावला नाही. आप्पा तर मला झाकणाला बोट लावू देत नाहीत."

नाझनीननं सोपानकडं पाहिलं. "काका?"

सोपान बरणीकडं बघत होता. दर रविवारी ईश्वरी यायची, काचेपाशी तोंड न्यायची आणि म्हणायची, आईचं धुकं अजून आहे. चार वर्षं.

"नाही," तो म्हणाला.

त्यानं फॉर्मखाली अंगठा दिला. नाझनीननं हातमोजे चढवले, मेण खरवडलं, झाकण काढलं. ओल्या मातीचा वास खोलीभर झाला. तिनं झाडं हलक्या हातानं उचलून परातीत ठेवली, धोतराचा तुकडा बाजूला केला आणि कोळशाचे काळे खडे चिमट्यानं कुपीत भरले. कुपी पेटीत गेली. पाऊण तासात सगळं आटोपलं. परातीत शेवाळ असं पडलं होतं, जसं कुणी अंगावरचं पांघरूण ओढून घेतलंय.

दुपारी सोपान खानावळीचे पांढरे सदरे इस्त्रीला घेऊन बसला. दोन खानावळींचे सदरे एकसारखेच असत. म्हणून कॉलरच्या आत बिब्ब्याची खूण असायची. बिब्ब्याचं तेल सुईनं काढून, वर चुना लावून केलेली खूण कितीही धुतली तरी जात नाही. एका खानावळीची दोन ठिपके, दुसरीची आडवी रेघ. त्याचे वडील म्हणायचे, परटाची अब्रू खुणेत. खूण न बघता कपडा दिला, तर एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगावर जातो आणि दोन्ही घरं आपल्याला शिव्या देतात.

त्यानं एक सदरा उलटा केला. कॉलर नेमकी खुणेपाशी विरली होती. दोन ठिपके की रेघ, कळेना.

तो तसाच बसून राहिला. जे ईश्वरीचं नाही ते सारिकाचं, असं ती बाई म्हणाली होती. जे उरेल ते सारिकाचं.

सदऱ्याला जळका वास आला तेव्हा त्यानं इस्त्री उचलली. पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. चाळीस वर्षांत त्यानं कपडा जाळला नव्हता. त्यानं बटण बंद केलं, शटर ओढलं आणि बसस्टँडची वाट धरली.

चौकशीच्या खिडकीत ईश्वरी माइकसमोर बसली होती.

"आप्पा? दुकान?"

"तुला एक सांगायचंय."

"थांबा." तिनं बटण दाबलं. "बारामतीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागत आहे." बटण सोडलं. "बोला."

"बरणी मी उघडली होती."

तिनं बटणावरचा हात काढला.

"तुझी आई गेली त्या उन्हाळ्यात. झाकणाचं मेण वितळलं होतं, पाणी उडून गेलं. शेवाळ पिवळं पडलं. मला वाटलं, आता हेही जातंय. झाकण काढलं."

"आणि बाटलीनं पाणी मारलं?"

"नाही."

"मग?"

"तोंडानं," सोपान म्हणाला. "बाटली हाती होती. पण तिनं तसं केलं होतं ना. मग मीही तसंच केलं. एकदा नाही. चार-पाच वेळा, पार भरून. वर पुन्हा मेण लावलं."

खिडकीपुढं एक म्हातारी उभी राहिली. "पोरी, लोणंदची गाडी कधी गं?"

"साडेचारला, आजी. तिकडं बाकावर बसा." ईश्वरीचा आवाज ताणला होता. म्हातारी गेली. "म्हणजे चार वर्षं मी तुमची थुंकी बघत होते? आईचं धुकं, आईचं धुकं करत?"

"तिचंही होतं."

"सकाळी त्या बाईंनी सरळ विचारलं. तुमच्याकडं बघून विचारलं आप्पा! का नाही बोललात?"

सोपाननं खिडकीच्या कडेवर हात ठेवले. "तू रविवारी यायचीस. दुसरं काय होतं घरात तुला यायला?"

तिला बोलायचं होतं, पण घड्याळात वेळ झाली होती. तिनं बटण दाबलं. "दहिवडीकडे जाणारी गाडी…" ती थांबली. सगळं स्टँड वर कर्ण्याकडं बघायला लागलं. "…फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." बटण सोडून तिनं डोळे पुसले. "ती माझी गाडी आहे, कळतंय का तुम्हांला? तुमची बाजू त्यांनी आईची म्हणून वाचली असती. तुमचं हृदय ठणठणीत. दोष नाही, असा कागद आला असता आणि मी इथंच बोंबलत बसले असते जन्मभर."

"म्हणून आलो."

"म्हणून आलो म्हणे." तिनं फोन काढला, नाझनीनचा नंबर लावला आणि फोन खिडकीतून बाहेर त्याच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

नाझनीन अजून लोणंदलाच पोचली होती. सोपाननं सगळं सांगितलं, पहिल्यांदा पडल्या आवाजात, मग नीट. 

"काका, असं कुणी मला अजून सांगितलं नव्हतं," नाझनीन म्हणाली. "लोक कवळी बदलतात, पण हे… बरं, ऐका. बिघडलेलं नाही काही. तुमचा नमुना द्या. तुमचे तुकडे कुठले ते यंत्राला कळलं की ते बाजूला काढता येतात. न सांगता राहिला असतात तर मात्र वाट लागली असती. मी मागं येते."

तासाभरानं बसस्टँडच्या बाकावरच तिनं त्याला एक नळी दिली. सोपाननं सवयीनं गाल फुगवले.

"काका, थुंकायचंय. शिंपडायचं नाही."

ईश्वरी खिडकीतनं बघत होती. तिला हसू आलं, पण तिनं तोंड फिरवलं. त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही.

सोपाननं परातीतली झाडं जगवली. वर ओलं फडकं टाकायचा, सकाळ-संध्याकाळ उचलून बघायचा. नेच्याची दोन पानं गेली. रिकामी बरणी त्यानं धुतली नाही. तशीच खिडकीत ठेवली. सोमवार आला की हात आपोआप तिच्याकडं जाई आणि त्याला आठवे की आता फिरवायला काही नाही.

सोळाव्या दिवशी शटरखालून पाय दिसले. पायात बूट होते.

ईश्वरी आत आली आणि इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवला. "वाचा."

"तूच वाच. चष्मा वर आहे."

"कोळशात दोन माणसं सापडली. दहातले सात भाग तुम्ही. पार भरून म्हणालात ते खोटं नव्हतं. तीन भाग आई." तिनं कागद उलटला. "आईच्या त्या दुसऱ्या बाजूत दोष सापडला. ओळखीचाच. एका ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला वेळ लावतं, असला. माझ्याकडं नाही तो. डॉक्टरांनी सही केली. उद्या सकाळची दहिवडी माझी."

सोपान खुर्चीत बसला. हातांना काय करावं कळेना, म्हणून त्यानं टेबलावरची चादर घडी केली. मग पुन्हा उलगडली.

"आधीच तपासलं असतं तर?" त्यानं विचारलं.

"मी नाझनीनताईंना तेच विचारलं. म्हणाल्या, तपासायला काही कारण लागतं. आईनं कधी चक्कर आली म्हणून सांगितलं नाही, पडली नाही. कोण कशाला तपासणार होतं?"

त्यानं मान हलवली. ह्या उत्तरानं त्याला बरं वाटलं नाही, पण ते उत्तर होतं. चार वर्षं तेही नव्हतं.

"म्हणजे आईचं ते तुला आलंच नाही."

"नाही आलं." ईश्वरीनं खिशातून एक छोटी कुपी काढली. तळाशी कोळशाचे चार खडे. "हे उरलेले. परत दिले. बरणी लावायची का आज? का तुमचा राग आहे माझ्यावर?"

"राग तुझा होता."

"होता. अजून थोडा आहे. गोटे कुठं आहेत?"

दुपारभर दोघं मोरीपाशी बसली. गोटे धुऊन तळाला घातले. माळ्यावरून पितळेची इस्त्री काढली, तिच्यातला कोळसा फोडला, आणि त्याच्या मधोमध कुपीतले चार खडे ठेवले. दुसरं धोतर नव्हतं, म्हणून जुन्या पंच्याचा तुकडा. मग माती. मग शेवाळ, बोटांनी दाबून. नेचा मागं, बुटकं झाड पुढं.

"आता पाणी," ईश्वरी म्हणाली. "सरका. मी मारते."

तिनं तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले, बरणीवर वाकली आणि फुंकलं. धुकं झालंच नाही. अर्धं पाणी हनुवटीवरून खाकी शर्टावर ओघळलं, उरलेलं एका धारेनं नेच्याच्या बुडाशी पडलं. शेवाळाला खड्डा पडला.

सोपान हसला. किती दिवसांनी, ते त्याला सांगता आलं नसतं. "आईचं हेही आलं नाही बघ तुला."

"तुम्हीच मारा मग." तिनं बाहीनं तोंड पुसलं. "तुम्हांला सरावच आहे."

त्यानं पाणी घेतलं. ओठ आवळले. एकच श्वास, आणि बरणीच्या तोंडातून आत बारीक पांढरं धुकं उतरलं आणि पानापानावर बसलं.  झाकण लागल्यावर, मेण ओतल्यावर ईश्वरी म्हणाली, "आता लिहून ठेवा. कोण कोण आहे आत ते. पुढं कुणाला तपासायचं झालं तर पुन्हा बसस्टँडवर यायला नको."

सोपाननं खणातनं बिब्बा आणि सुई काढली. पंच्याची लांब चिंधी फाडली.

"आप्पा, सगळ्या घरांना खुणा आहेत. आपल्या घराची खूण काय?"

"आपल्या कपड्यांना खूण नसते. सगळ्यांचे देऊन झाले की उरतो तो आपला."

"तसं चालणार नाही आता. उरलं ते कुणाचं, त्यावरनंच घोटाळा झाला."

त्याला ते पटलं. थोडा विचार करून त्यानं चिंधीवर सुई टेकवली. सारिकासाठी एक गोल. स्वतःसाठी आडवी रेघ. मग तो थांबला. "तुझी थेंबभरच लाळ गेलीय."

"थेंबभर का असेना."

त्यानं तिसरी खूण केली, एक ठिपका. वर चुना लावला. काळी खूण हळूहळू गडद झाली. चिंधी त्यानं बरणीच्या गळ्याला गाठ मारून बांधली आणि बरणी खिडकीत ठेवली.

"सोमवारी पाव फेरा," तो म्हणाला.

"सोमवारी मी गाडीवर आहे. तुम्हीच फिरवा," ईश्वरी म्हणाली. "रविवारी येते मी, बघायला."